सत्तावन्न सांगितलं की पंच्याहत्तर का लिहितात?

पहिली-दुसरीच्या मुलांचं गणित आणि भाषा यांबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की १९८९ ते २०२१ अशी ३२ वर्षं मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. पोरं मला बाई म्हणायची. पत्रांतून तुम्हीही बाईच म्हणता, ते मला फार आवडतं.

प्रश्न: बाई, आम्ही बेंगळुरूत राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, घरी मराठी. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये ती शंभरपर्यंत अंक नीट म्हणते आणि लिहिते. मराठीत मात्र सत्तावन्न म्हटलं की ७५ लिहिते आणि एकोणपन्नास म्हटलं की ५९. तीन भाषांनी तिचा गोंधळ होतोय का? मराठी अंक सध्या सोडून देऊ का?
— एक आई, बेंगळुरू

सोडू नका. तीन भाषांनी काही बिघडलेलं नाही. घरात मराठीखेरीज दुसरी भाषा कधी ऐकलीच नाही अशी माझी डोंगरातली पोरंसुद्धा सत्तावन्नला ७५ च लिहायची.

तुमची मुलगी काय करते ते बघा. सत्तावन्न या शब्दात सात आधी ऐकू येतो, पन्नास मागून येतो, तोही 'वन्न' असा वेष बदलून. लिहिताना मात्र ५ आधी लिहायचा आणि ७ नंतर. ती ज्या क्रमानं ऐकते त्या क्रमानं लिहिते. कन्नडमध्ये हा घोळ नाही. ऐवत्तेळु म्हणजे ऐवत्तु आणि एळु, पन्नास आणि सात, जसं म्हणायचं तसंच लिहायचं. इंग्रजीतही विसाच्या पुढे तसंच.

आता एकोणपन्नासला ५९. मला तर या चुकीचं कौतुक वाटतं. 'एकोण' आलं की शेवटी नऊ येतो, हे तिनं स्वतः हेरलंय. पन्नास तर कानावर पडलाच. मग ५ आणि ९. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक उणे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही इतकंच.

आपले अंक मुलांना किती जड जातात, हे आपण मोठे विसरून गेलेलो असतो. नुसत्या 'दोन'ची रूपं म्हणून बघा: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यात 'दोन' हा शब्द एकदाही येत नाही. शंभरापर्यंतची नावं मुलाला जवळजवळ एकेक करून पाठच करावी लागतात.

हे मला नोकरीच्या सुरुवातीला कळत नव्हतं. तिसऱ्या वर्षी दुसरीत एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. तिनं ७५ लिहिलं, मी लाल फुली मारली आणि ५७ दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. तिनं दहा वेळा सुरेख लिहून आणलं. दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तर सांगितलं तर तिनं ५७ लिहिलं. तेव्हा पहिल्यांदा मी तिला विचारलं, "कसं लिहिलंस गं?" ती म्हणाली, "काल तुमी सत्ता म्हणला म्हून सात लिवला, मंग वन्न म्हणला म्हून पाच. त्ये चुकलं. मंग आज तसंच लिवलं. आज पाच आदी म्हणला, पाच आदी लिवला." पोरगी दोन्ही वेळा एकच नियम पाळत होती, आणि मी तिला नियम न सांगता फुल्या मारत होते. आजही तिची आठवण आली की गलबलतं. त्यानंतर चुकलेल्या उत्तरापाशी "कसं केलंस?" हे विचारल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा केवढं वादळ उठलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. गणिताच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठी बुडाली, असं लोक म्हणाले. मी त्या वर्षी दुसरीला होते, तेच पुस्तक वर्गात शिकवलं. एकवीस, बावीस हे शब्द काढलेले नव्हते, दोन्ही रीती शेजारी शेजारी होत्या. माझ्या वर्गात त्याचा उपयोग झाला, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. नारळीकर बाई २०२३ च्या जुलैत गेल्या. लहान मुलं अंक म्हणताना कुठे अडखळतात, याचा एवढ्या बारकाईनं विचार करणाऱ्या गणितज्ञ बाई आपल्याकडे होत्या आणि आपण त्यांच्यावर ओरडलो, याचं मला वाईट वाटतं.

आता घरी काय करायचं ते सांगते. महिनाभर दोन्ही नावं जोडीनं म्हणा: "पन्नास सात, सत्तावन्न." सूर लावून म्हणा. महिन्यानं पहिलं नाव तिचं तीच गाळेल.

त्यासोबत मोळ्यांचा खेळ. आमच्याकडे कारवीच्या काड्या मुबलक. दहा काड्यांची मोळी बांधायची, उरलेल्या सुट्या. पुस्तकात दशक-एकक असतं, पण पोरांच्या तोंडी मोळी आणि सुट्या हेच होतं, कारण मोळी त्यांच्या आया रोज डोक्यावरून आणायच्या. जमिनीवर खडूनं दोन चौकोन काढायचे, वर्गाकडून बघताना डावा मोळीवाल्याचा, उजवा सुट्यावाल्याचा. दोन मुलं दोन चौकोनांत उभी. मी म्हणायची, "सत्तावन्न!" सुट्यावाल्याला आपलं नाव आधी ऐकू येतं. तो सात काड्या उचलतो, पण जागा सोडत नाही, उजवीकडेच उभा राहतो. मोळीवाला पाच मोळ्या घेऊन डावीकडे. मग सगळा वर्ग डावीकडून वाचतो आणि पाटीवर लिहितो. आधी कोणाचं नाव ऐकू आलं आणि कोण कुठे उभा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पायांना कळलं की हातालाही कळतं. तुमच्याकडे कारवी नसेल. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या, तुम्ही सुट्यावाल्या व्हा.

एकोणपन्नाससाठी पाच मोळ्या समोर ठेवा आणि म्हणा, "यातून मला एकच काडी दे." मोळी सोडल्याशिवाय ती देता येत नाही. सोडली, एक दिली, तर उरल्या चार मोळ्या आणि नऊ सुट्या. पन्नासला एक उणी. तीच काडी परत दिली की मोळी पुन्हा बांधता येते आणि पन्नास होतात. हे चार-पाच दिवस करा. माझ्याकडच्या एका मुलानं हे कळल्यावर नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' म्हटलं होतं. मी त्याला आधी शाबासकी दिली आणि मग लोक काय म्हणतात ते सांगितलं. एकोणनव्वदपर्यंत जी रीत चालते तीच त्यानं पुढे नेली होती. बरोबरच होतं त्याचं.

आणि तुम्ही बेंगळुरूत आहात म्हणून एक गंमत. विटी-दांडू खेळताना आपल्याकडे वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजायचे, पुढचे शब्द गावागणिक बदलतात. तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. तुमच्या मुलीला येणारे मूरु आणि नाल्कु हेही त्यांचेच भाऊबंद. तिच्या आजोबांना विचारा, लहानपणी ते कसे मोजायचे, आणि तिला फोनवर ऐकू द्या. माझ्या अंदाजानं ती तुमच्याआधी ओळखेल.

प्रश्न: माझी द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरीची १९ मुलं माझ्याकडे. खेळातून शिकवायला घेतलं की गोंगाट होतो, शेजारच्या खोलीतल्या सरांना त्रास होतो. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा म्हणाले, "हा वर्ग आहे की बाजार?" पाठ्यक्रम मागे पडेल अशीही भीती वाटते.
— एक शिक्षिका, परभणी जिल्हा

ताई, तुमची धडपड पत्रातून दिसते. आधी गोंगाटाचं बघू. सगळ्या वर्गाचा मिळून एकच खेळ घेतला, की एकाची पाळी येते आणि अठरा जण ओरडतात. जोड्या लावल्या की आवाज निम्म्यानं उतरतो, कारण प्रत्येकाचे हात कामात असतात.

एकी-बेकीपासून सुरुवात करा. प्रत्येक मुलाला दहा चिंचोके. एकानं काही चिंचोके मुठीत धरायचे आणि विचारायचं, "एकी का बेकी?" दुसऱ्यानं सांगायचं. मूठ उघडून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. जोडीविना एक उरला तर एकी, नाही तर बेकी. ओळखलं तर त्यातला एक चिंचोका त्याचा, चुकलं तर त्यानं आपल्यातला एक द्यायचा. हा खेळ मुलांना घरूनच येत असतो, तुम्हाला शिकवावाही लागत नाही. पहिलीची मुलं दहाच्या आत मोजतात, कोणाकडे किती झाले ते सांगतात. दुसरीच्या मुलांना प्रत्येक जोडीपाशी हिशेबनीस म्हणून बसवा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशी नोंद त्यांनी पाटीवर करायची. दोन वर्ग एका खोलीत असण्याचा असा फायदा होतो, मोठा वर्ग धाकट्याचा हिशेब ठेवतो.

वीस मिनिटांनी चिंचोके गोळा करा आणि तिथूनच भाषा सुरू करा. प्रत्येक जोडीनं आपल्या खेळाचं एक वाक्य सांगायचं, तुम्ही ते फळ्यावर जसंच्या तसं लिहायचं. "माझे सात झाले अन् तिचे तेरा." "तो रडला पण नंतर जिंकला." अशी पाच-सहा वाक्यं झाली की त्या दिवसाचा वाचनपाठ तयार. पहिलीतलं मूल पूर्ण वाक्य वाचत नसेल, पण 'माझे'मधला म आणि स्वतःचा आकडा ते शोधतंच. दुसरीच्या मुलांनी वाक्य वहीत उतरवायचं.

साहेबांचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना दाखवा. एक वही करा. रोज दोन-तीन मुलांबद्दल एकेक ओळ: तारीख, काय खेळलं, मूल काय म्हणालं. "आज हिनं पहिल्यांदा आठ आणि सात वेगळे न मोजता आठच्या पुढे मोजले." अशी वही महिनाभर भरली की तुम्हालाच कळतं, पाठ्यक्रम किती पुढे गेलाय. शिवाय सरकारचा कागदही तुमच्या बाजूनं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, ५ जुलै २०२१ ला सुरू झालेलं निपुण भारत अभियान, पहिलीसाठीचा तीन महिन्यांचा विद्याप्रवेश, या सगळ्यांत लहान मुलांनी खेळातून शिकावं असंच लिहिलंय. हे कागद टेबलावर ठेवा.

डी.एड.ला असताना आम्हाला डहाणूजवळच्या कोसबाडला नेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी कुरणावरच शाळा नेली, कुरणशाळा. शिकवायला पानं, बिया, खडे, शिंपले. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मनात म्हटलं होतं, की या बायांनी उघड्या माळावर केलं ते मला चार भिंतींत जमलंच पाहिजे. तुमच्याकडे भिंती आहेत, चिंचोके आहेत आणि १९ मुलं आहेत. शेजारच्या सरांना एकदा खेळायला बोलवा.

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे. हातच्याची बेरीज, उसनवारीची वजाबाकी पटापट करतो. शाब्दिक उदाहरण आलं की वाचायच्या आधीच विचारतो, "पप्पा, अधिक करू का वजा?" मी त्याला शब्द पाठ करून दिलेत, 'एकूण' आणि 'जास्त' आलं की अधिक, 'उरले' आणि 'कमी' आलं की वजा. तरी चुकतो.
— एक वडील, कोल्हापूर

ते पाठ केलेले शब्दच त्याला चुकवतायत. कृपा करून ती यादी आजच फाडून टाका.

हे उदाहरण घ्या. सलमाकडे ८ बोरं आहेत. ती गणूकडच्या बोरांपेक्षा ३ जास्त आहेत. गणूकडे किती? तुमचा मुलगा 'जास्त' वाचून ११ सांगेल. उत्तर ५ आहे. गणित त्याला येतंय, वाक्य आत पोचत नाहीये.

मराठीत सगळा अर्थ शेवटच्या छोट्या अक्षरात बसलेला असतो. "गणूनं सलमाला ३ बोरं दिली" आणि "गणूला सलमानं ३ बोरं दिली". नावं तीच, क्रम तोच, आकडा तोच, फक्त 'नं' आणि 'ला' यांनी जागा बदलली आणि गणूची बोरं वाढायची की घटायची हे उलटं झालं. घाईत वाचणारं मूल नावं आणि आकडे तेवढे उचलतं. 'पेक्षा' आणि 'पैकी' तर त्याहून अवघड, कारण रोजच्या बोलण्यात सात वर्षांचं मूल 'पैकी' फारसं म्हणतच नाही. म्हणून शाब्दिक उदाहरण मला गणिताच्या तासापेक्षा भाषेच्या तासाला घ्यायला आवडायचं.

आधी नाटक करा. तो गणू, तुम्ही सलमा, मध्ये खरीच बोरं नाही तर शेंगदाणे. तुम्ही वाक्य वाचायचं, त्यानं तसं करून दाखवायचं. 'नं' आणि 'ला' यांची अदलाबदल करून पुन्हा वाचा. चुकला तर शेंगदाणे चुकीच्या माणसाकडे जातात आणि त्याचं त्यालाच दिसतं, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. माझ्या वर्गात हे वाक्य ऐकताना पोरांचे कान असे टवकारलेले असायचे, की एरवी गोष्टीलासुद्धा नसतील.

दोन-तीन दिवसांनी उदाहरणातले आकडे बोटानं झाका. "सलमाकडे काही बोरं आहेत. ती गणूपेक्षा थोडी जास्त आहेत. जास्त कोणाकडे? कमी कोणाकडे?" हे त्याला सांगता आलं की मगच बोट काढा. आकडे दिसत नसले की अधिक-वजा करायला काही हाताशीच नसतं, वाक्य ऐकावंच लागतं. सुरुवातीला तो कुरकुर करेल.

शेवटी त्याला उदाहरण रचायला सांगा, तुम्ही सोडवायचं. मुलं उदाहरण रचतात तेव्हा त्यांच्या घराची बातमी कळते. आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला हिरडा गोळा करायचा हंगाम असतो, घरंच्या घरं डोंगरात असतात. एका मुलीनं रचलं होतं: "आईनं चाळीस हिरडं येचलं. म्या वीस येचलं. बारकीनं दहा येचलं पर पाच सांडलं. तर आमचं किती?" सांडलेले मोजायचे की नाही यावर वर्गात भांडण झालं. एक जण म्हणाला, सांडलेले पुन्हा वेचले असतील. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "न्हाई, त्ये खाली दरीत गेलं." मग ६५. पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणात मी मुलांना इतका वेळ विचार करताना पाहिलेलं नाही.

प्रश्न: माझी दुसरीतली मुलं 'पानी', 'म्या', 'व्हतं' असं बोलतात आणि तसंच लिहितात. लगेच दुरुस्त करू की चालू देऊ?
— एक शिक्षक, बीड जिल्हा

बोलताना दुरुस्त करू नका. दुसरीतलं मूल बाईंशी बोलायला तोंड उघडतंय, तेवढ्यात आपण 'पानी नाही, पाणी' म्हटलं, तर ते पुढची गोष्ट गिळून टाकतं. मी नवी असताना असं करून तोंडं बंद केलेली आहेत. पुढे वर्षभर ती उघडायला लागली.

लिहिताना दोन वह्या ठेवा, किंवा पानाच्या दोन बाजू. डावीकडे 'आमचं बोलणं', उजवीकडे 'पुस्तकातलं बोलणं'. डावीकडे मुलाचं वाक्य त्याच्या बोलीत, आहे तसं: "म्या पानी आनलं." उजवीकडे तुम्ही आणि त्यानं मिळून लिहिलेलं: "मी पाणी आणलं." मग दोन्हीत काय बदललं, ते त्यालाच शोधू द्या. दोन-तीन महिन्यांत मुलं स्वतः सांगायला लागतात, की आपल्या 'न'च्या जागी पुस्तकात खूप ठिकाणी 'ण' येतो. व्याकरणाचा नियम दुसरीतल्या मुलानं स्वतः शोधला, तर तो त्याला कोण विसरायला लावणार?

डावी बाजू कधीही खोडू नका, त्यावर लाल पेन नको. ती त्याच्या आईची भाषा आहे. माझ्याकडच्या ठाकर आणि महादेव कोळी समाजाच्या मुलांकडे पावसाला, पानांना, पाखरांना असे शब्द होते की मी वहीत लिहून घ्यायची. कधी उलटं करा. पुस्तकातलं एखादं वाक्य द्या आणि सांगा, हे तुझ्या आजीला समजेल असं सांग. वर्गातलं सगळ्यात गप्प पोर त्या वेळी बोलतं.

प्रश्न: मुलाला (वय ६) गणितासाठी कोणतं ॲप किंवा कोणता महागातला संच घ्यावा?
— ठाणे

काही घेऊ नका. पावशेर चिंचोके, एक पत्त्यांचा जोड, दोन फासे आणि सापशिडी. आणि रोज अर्धा तास तुम्ही स्वतः त्याच्यासोबत जमिनीवर बसा. ॲप "बरोबर" किंवा "चूक" म्हणतं. "कसं केलंस रे?" असं ते विचारत नाही.

प्रश्न: बाई, मी ७८ वर्षांचा आहे. आम्हाला तिसापर्यंत पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाव, अर्धा, पाऊण अशा अपूर्णांकांचे पाढेही पाठ होते. नातू दुसरीत, त्याला काहीच नाही. शिकवू का? त्यानं परवा घड्याळ बघून "साडेएक वाजले" म्हटलं, मी रागावलो.
— एक आजोबा, सोलापूर

आजोबा, रागावू नका हो. तो साडेतीन, साडेचार, साडेपाच ऐकतो, मग साडेएक आणि साडेदोन का नाही? त्यानं नियम लावला. दीड आणि अडीच हे दोनच शब्द आपल्या भाषेत रांग सोडून बसलेत, ते त्याला गंमत म्हणून सांगा. साडेएकाला दीड म्हणतात, साडेदोनाला अडीच, आणि साडेतीनाला तुमच्या शाळेत औट म्हणायचे. औट हा शब्द त्यानं कुठेच ऐकला नसेल, त्याचे डोळे मोठे होतील.

पाढे जरूर शिकवा, बे एके बेपासून, पण दोन-दोनच्या जोड्या लावत. बे पंचे दहा म्हणताना समोर चपलांचे पाच जोड असू द्या. 'बे' म्हणजे दोन हे त्याला कळलं की बेचाळीसमधला 'बे'ही ओळखू येईल. दुसरीत दोन, तीन, चार, पाच आणि दहा एवढे पाढे झाले तरी पुष्कळ. पावकी-औटकी आता पाठ नको, त्याचं वय नाही. पण तुमची तुम्ही एका वहीत सगळी लिहून काढा, जशी म्हणायचात तशी. तोंडावर ती असलेली माणसं आता थोडी राहिली.

आणि सकाळी दूध आणायला जाता तेव्हा त्याला बरोबर न्या. दीड लिटर हवं असेल तर अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या मागायच्या, ते दुकानदाराला त्याला सांगू द्या. तीनऐवजी दोन सांगितल्या तरी मध्ये बोलू नका. घरी येऊन पातेल्यात ओतताना त्याला कळेल, आणि दुसरी फेरी मारायला तो तुमच्या आधी चप्पल घालेल.